मीटर बदलण्याआधी

जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा पडला किंवा स्पीडोमीटर थरथरायला लागला की मालक गॅरेजमध्ये येऊन सरळ सांगतो, "मीटर गेलाय, दुसरा टाका." मी त्याला बसवतो आणि आधी चार प्रश्न विचारतो. माझ्या हाताखालून गेलेल्या जुन्या गाड्यांमध्ये खुद्द मीटर खराब निघाला, असं फार कमी वेळा झालं आहे. बिघाड असतो मीटरपर्यंत येणाऱ्या वायरमध्ये, टाकीतल्या फ्लोटमध्ये, गंजलेल्या अर्थमध्ये (म्हणजे बॉडीला आवळलेल्या निगेटिव्हच्या जोडणीत), नाहीतर केबलमध्ये. मीटर बदलून यातलं काहीच सुधारत नाही. पैसे जातात, आणि आठवड्याभरात तीच तक्रार घेऊन माणूस परत येतो.

चिपळुणात मी ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो. आमच्याकडे जुनी गाडी म्हणजे बहुतेक मारुती ८००, ओम्नी, महिंद्राची जीप, क्वचित एखादी पद्मिनी. पहिली मारुती ८०० दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ ला मालकाच्या हाती दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये ती बनायची थांबली. म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात नवी ८०० सुद्धा आता दहा वर्षं ओलांडून गेलेली आहे. चार महिन्यांचा पाऊस आणि गुहागर-दापोलीकडचा खारा वारा खाऊन या गाड्या अजून धावतात. इंजिनाचं काम मालक हौसेनं करून घेतात. मीटरकडे मात्र काच पुसण्यापलीकडे कुणी बघत नाही.

मीटरला स्वतःला काहीच कळत नसतं, ही गोष्ट आधी डोक्यात पक्की बसली पाहिजे. टाकीत पेट्रोल किती, हे टाकीतल्या फ्लोटला कळतं. इंजिन किती तापलं, हे इंजिनात बसवलेल्या सेंडरला कळतं. ऑइलचा दाब आहे की नाही, हे ऑइल स्विच सांगतो. मीटर फक्त तारेवरून आलेला निरोप दाखवतो. निरोप चुकीचा आला, किंवा वाटेत बिघडला, तर काटाही चुकीचाच दाखवणार. म्हणून माझे पहिले प्रश्न असे असतात. एकच काटा बिघडलाय की दोन्ही? दिवसा आणि रात्री सारखंच होतं का? पाऊस पडून गेल्यावर जास्त होतं का? आणि नुकतंच कुणी म्युझिक सिस्टीम, हॉर्न किंवा फॉग लॅम्प बसवून घेतलाय का? या शेवटच्या प्रश्नावर बरेचदा मालक थोडा थांबतो आणि "हो, मागच्याच महिन्यात" म्हणतो. निम्मं निदान तिथेच झालेलं असतं.

एकच काटा गेला असेल तर त्या काट्याची वाट तपासायची. सगळेच एकदम गेले असतील तर सगळ्यांना मिळून जे समाईक आहे ते तपासायचं, म्हणजे फ्यूज, मीटरकडे येणारा करंट, मीटरची अर्थ आणि मागचे कपलर. बऱ्याच जुन्या मीटरमध्ये काट्यांना ठराविक व्होल्टेज मिळावं म्हणून एक छोटा स्टॅबिलायझर असतो. बॅटरीचं व्होल्टेज इंजिन बंद असताना १२ च्या आसपास आणि अल्टरनेटर चालू असताना १४ च्या वर असतं. ते थेट काट्याला दिलं तर गाडी सुरू करताच पेट्रोल वाढलेलं दिसेल. स्टॅबिलायझरमध्ये दोन धातूंची एक पट्टी असते. ती तापून वाकते, संपर्क तुटतो. थंड झाली की परत जोडला जातो. या उघडझापीमुळे काट्यांना सरासरी १० व्होल्टच्या आसपास मिळत राहतात. हा स्टॅबिलायझर बंद पडला तर पेट्रोल आणि तापमान दोन्ही काटे एकदम पडतात. त्याची अर्थ सुटली तर दोन्ही एकदम वर चढतात. दोन काटे एकाच वेळी एकाच दिशेनं खोटं सांगू लागले तर फ्लोटसाठी टाकी उतरवायची अजिबात गरज नाही.

एक काम इथे जरा सविस्तर सांगतो, कारण त्यातून तपासायची पद्धत कळते. गुहागर रस्त्यावरचे एक निवृत्त शिक्षक त्यांची पांढरी ८०० घेऊन आले. त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. तक्रार विचित्र होती.

"अरे, दिवसा पाऊण टाकी दाखवतं आणि रात्री पाव. रात्री पेट्रोल चोरीला जातंय म्हणावं, तर सकाळी परत पाऊण!"

"गुरुजी, रात्री म्हणजे अंधार पडल्यावर, की हेडलाइट लावल्यावर?"

गुरुजींनी विचार केला. "हेडलाइट लावल्यावर."

"आणि टेंपरेचरचा काटा?"

"तो जागचा हलत नाही. तिथेच असतो."

त्यांनी आधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे त्यांना मीटर बदलायला सांगितलं होतं. पण तापमानाचा काटा स्थिर आहे, म्हणजे मीटरकडे येणारा करंट ठीक आहे आणि मीटरची अर्थही ठीक आहे. नुसता पेट्रोलचा काटा दिव्यांबरोबर खाली येतो, याचा अर्थ पेट्रोलच्या वाटेत आणि दिव्यांच्या वाटेत कुठेतरी एक जागा सामाईक आहे. पुढचे दिवे पुढे, टाकी मागे. मग सामाईक काय असणार? मागच्या दिव्यांची अर्थ.

डिकीतली चटई उचलली, कडेचं आवरण काढलं. या गाडीच्या वायरिंगमध्ये पूर्वी कुणीतरी हात घातलेला होता. टाकीच्या फ्लोटची काळी वायर आणि मागच्या दिव्यांची काळी वायर एकाच स्क्रूखाली बॉडीला आवळलेली होती. स्क्रूभोवतीचा रंग फुगलेला, खाली तांबूस भुकटी. मल्टीमीटरची एक पिन त्या काळ्या वायरच्या टोकाला लावली आणि दुसरी लांब वायरनं बॅटरीच्या निगेटिव्हला. दिवे बंद असताना जवळपास शून्य. मागचे दिवे लावले, आकडा १ व्होल्टच्या पुढे गेला. गुरुजींना ब्रेक दाबायला सांगितलं, ३ च्या वर. चांगल्या अर्थमध्ये हा आकडा ०.१ च्या आत राहायला हवा.

हिशेब साधा आहे. मागचे दोन ५ वॅटचे बल्ब आणि नंबरप्लेटचा एक, मिळून १५ वॅट म्हणजे साधारण सव्वा अँपिअर. त्या गंजलेल्या स्क्रूमध्ये १ ओहम रेझिस्टन्स तयार झाला असेल तर तिथे सव्वा व्होल्ट अडकणार. ब्रेकचे २१ वॅटचे दोन बल्ब लागले की साडेतीन अँपिअर आणखी. तेवढे व्होल्ट त्या स्क्रूवर अडकले की पेट्रोलच्या काट्यातून जाणारा करंट तेवढा कमी होतो आणि काटा खाली येतो. टाकीतलं पेट्रोल होतं तिथेच होतं.

स्क्रू काढला, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरच्या टोकाला नवीन लग लावून डाग दिला, दोन्ही अर्थ वेगवेगळ्या जागी आवळल्या आणि वरून ग्रीसचा पातळ हात फिरवला. परत मोजलं, दिवे लावून आणि ब्रेक दाबूनसुद्धा आकडा ०.१ च्या खाली. मीटरला हात लावायची वेळच आली नाही. जुन्या गाडीच्या विजेच्या निम्म्या तक्रारी अशा गंजलेल्या अर्थमध्ये असतात असं माझं ठाम मत आहे, आणि तरीही मल्टीमीटर न लावता सुटे भाग बदलत सुटणारे मिस्त्री मी रोज बघतो. मल्टीमीटर ही आता महाग वस्तू राहिलेली नाही. ती वापरायला शिकलं नाही तर भुर्दंड गिऱ्हाइकाला पडतो, आणि याचं मला वाईट वाटतं.

पेट्रोलचा काटा कायमचा रिकाम्यावर पडून असेल तर तपासणी आणखी सोपी. टाकीत एक हलका फ्लोट पेट्रोलवर तरंगत असतो. त्याच्या दांडीच्या दुसऱ्या टोकाचा पत्र्याचा हात बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकतो. ८०० सारख्या गाड्यांमध्ये टाकी भरलेली असताना रेझिस्टन्स अगदी कमी असतो, रिकामी होत जाते तसा वाढतो. म्हणून फ्लोटचा कपलर सोडवला आणि चावी ऑन केली की काटा रिकाम्यावर जायला हवा. मग मीटरकडून येणारी वायर एका छोट्या बल्बमधून अर्थला लावायची. काटा हळूहळू वर चढला तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक, दोष फ्लोटमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. अजिबात हलला नाही तर वायर किंवा मीटर बघायचा. वायर थेट अर्थ करण्याची काही मिस्त्रींना सवय असते. काट्याची गुंडाळी त्यानं जळू शकते, म्हणून मधे बल्ब ठेवायचा. आणि अर्धा मिनिट धीर धरायचा, कारण बऱ्याच जुन्या काट्यांमध्ये आतली पट्टी तापल्याशिवाय काटा हलतच नाही. ही चाचणी टाकीपासून दूर, केबिनकडच्या कपलरवर करा. उघड्या टाकीशेजारी ठिणगी पडली तर गाडीबरोबर माणूसही जाईल.

फ्लोटची काही दुखणी तर लक्षणावरूनच कळतात. अर्ध्यापर्यंत काटा नीट आणि मग एकाच ठिकाणी धाडकन खाली येतो, म्हणजे वेटोळ्याची तार त्या जागी झिजली आहे. गाडी बहुतेक वेळ अर्ध्या टाकीवर चालवणाऱ्यांच्या फ्लोटची झीज नेमकी तिथेच होते. टाकी काठोकाठ भरूनही काटा तळाशी, आणि वरची बल्बची चाचणी मात्र ठीक, तर फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो बुडाला असण्याची शक्यता मोठी.

तापमानाच्या काट्याबद्दल मला जास्त कळकळीनं लिहायचं आहे, कारण इथे चूक झाली तर इंजिन जातं. चिपळूणहून कराडकडे जाताना कुंभार्ली घाट चढावा लागतो. उन्हाळ्यात जुनी गाडी भरून माणसं घाटात शिरली की हा काटा हाच त्यांचा खरा राखणदार असतो. सेंडरच्या टोकाला एक असा पदार्थ असतो ज्याचा रेझिस्टन्स गरम झाल्यावर कमी होतो. इंजिन तापलं की जास्त करंट, काटा वर. तपासणी फ्लोटसारखीच, वायर सोडवली की काटा थंडावर, बल्बमधून अर्थ दिला की वर.

पण एक गोष्ट प्रत्येक चालकाला माहीत असायला हवी. सेंडरला पाण्याचा स्पर्श असला तरच तो खरं सांगतो. रेडिएटर गळला, पाणी कमी झालं आणि सेंडरभोवती नुसती हवा किंवा वाफ राहिली, तर इंजिन उकळत असतानाही काटा खाली येऊ शकतो. घाटात चढताना वर गेलेला काटा अचानक खाली आला तर तो आराम समजू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका; निवू द्या. त्याच काट्याकडे बघून "झालं नीट" म्हणत पुढे गेलेल्या गाड्यांचं हेड गॅस्केट जळालेलं आम्ही बघतो. आणखी एक गैरसमज इथेच मोडून काढतो. रेडिएटरचा पंखा चालू करणारा स्विच आणि काट्याचा सेंडर हे दोन वेगळे भाग आहेत. पंखा फिरतोय म्हणून सेंडर ठीक आहे असं होत नाही, आणि उलटही नाही.

स्पीडोमीटरचा विषय वेगळा, कारण जुन्या गाडीत त्याला वीज लागतच नाही. गिअरबॉक्समधून निघालेली केबल मीटरमध्ये एक लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक वाटी असते. दोघं एकमेकांना शिवत नाहीत. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी चुंबकाच्या दिशेनं ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. गाडी जितकी जोरात, तितकी वाटी जास्त वळते आणि तिच्या दांड्यावरचा काटा पुढे जातो. ओटो शुल्झे यांनी जर्मनीत १९०२ साली याचं पेटंट घेतलं. शंभर वर्षांहून जास्त काळ ही रचना जवळजवळ तशीच राहिली आणि आजही एखादी ८०० तिच्यावर बिनचूक वेग दाखवते. मला या यंत्राबद्दल मनापासून आदर आहे.

काटा ३०-४० च्या वेगाला थरथरतो, मधूनच उसळतो, डॅशबोर्डमधून किर्रकिर्र आवाज येतो, तेव्हा दोष बहुधा केबलमध्ये असतो. आतली तार कोरडी पडलेली असते, किंवा केबल कुठेतरी आवळून वाकवलेली असते. केबल अडखळते, पिळली जाते आणि एकदम सुटते; तोच झटका काट्यावर दिसतो. आतली तार बाहेर काढून सपाट टेबलावर घरंगळवायची. ती उड्या मारत गेली तर वाकली आहे, बदला. सरळ असेल तर रॉकेल किंवा डिझेलनं धुऊन पातळ ग्रीस लावा, पण मीटरकडचं टोक कोरडं ठेवा, साधारण वीतभर. ग्रीस फिरत फिरत वर चढतं आणि वाटी-चुंबकाच्या फटीत शिरलं की काटा जास्त वेग दाखवायला लागतो, मग तिथेच चिकटतो. तेव्हा मात्र मीटर खरोखरच उघडावा लागतो.

काटा हलतच नसेल तर केबल मीटरच्या मागून सोडवा आणि दोघांनी गाडी थोडी पुढे ढकला. केबलचं चौकोनी टोक फिरताना दिसलं तर गिअरबॉक्स आणि केबल ठीक. नाही फिरलं तर केबल तुटली आहे किंवा गिअरबॉक्समधला छोटा प्लॅस्टिकचा पिनियन झिजला आहे. मीटरचं डोकं तपासायचं असेल तर हळू फिरणाऱ्या ड्रिलला तारेचा तुकडा लावून ते फिरवता येतं. जपानी पद्धतीच्या मीटरमध्ये मिनिटाला ६३७ फेरे झाले की काटा ६० वर यायला हवा. फिरवण्याची दिशा मात्र आधी केबलवरून बघून घ्या.

वेग बरोबर पण किलोमीटरचे आकडे थांबलेले, ही तक्रारही नेहमीची. वेगाचा काटा आणि किलोमीटरची चाकं एकाच केबलवर चालत असली तरी आतली वाट वेगळी असते. किलोमीटरकडे जाणारं प्लॅस्टिकचं दातेरी चाक वयानं तडकतं आणि आसावर नुसतं घसरत राहतं. गाडी चालू असताना ट्रिप शून्य करायचं बटण दाबण्याची सवय असेल तर ती सोडून द्या. या चाकांचे दात त्यानंच मोडतात.

टायर बदलले तरी मीटर चुकतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ८०० चे मूळ टायर १४५/७० आर १२. बाजारात मिळतात म्हणून काहीजण ऑल्टोचे १४५/८० आर १२ बसवतात. चाकाचा व्यास साधारण ५०८ मिलिमीटरवरून ५३७ वर जातो, म्हणजे पावणेसहा टक्क्यांनी वाढतो. काटा ६० वर असताना गाडी प्रत्यक्षात ६३ च्या पुढे धावत असते. युरोपातल्या गाड्यांना लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये. थोडा जास्त दाखवला तर चालतो. आपल्याकडेही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११७ वा नियम गाडीला स्पीडोमीटर असणं बंधनकारक करतो. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. बंद मीटर घेऊन त्या नोंदणीच्या तपासणीला उभं राहणं शहाणपणाचं नाही.

आता लाल दिव्यांकडे येऊ. गाडी सुरू करण्याआधी चावी फक्त ऑन करा. ऑइलचा आणि चार्जिंगचा दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. ऑइल स्विच दाब नसताना अर्थ देतो आणि दाब आला की तोडतो. चावी ऑन केल्यावर ऑइलचा दिवा लागलाच नाही, तर बल्ब उडालाय, वायर सुटली आहे किंवा स्विच खराब झालाय. म्हणजे उद्या खरोखर दाब गेला तरी तुम्हाला कळणार नाही. इंजिन चालू असताना हा दिवा लागला तर 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' असा विचारसुद्धा करू नका. इंजिन तिथल्या तिथे बंद करा, डिपस्टिक बघा. हा दिवा ऑइलचा दाब सांगतो, ऑइल किती आहे ते सांगत नाही. ऑइल पुरेसं असूनही पंप निकामी झाला तर तो लागतो. स्विचवर शंका असेल तर त्याच्या जागी दाबाचं यांत्रिक गेज लावून खात्री करता येते. जुनी गाडी विकत घेताना हे दिवे चावी ऑन करून स्वतः बघा. विकणाऱ्यानं दिवा काढून टाकलेला असू शकतो.

चार्जिंगच्या दिव्याचं आणखी एक काम असतं. बऱ्याच गाड्यांमध्ये अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर वेळेवर चार्जिंग सुरू करत नाही आणि बॅटरी हळूहळू उतरते. हल्ली पोरं मीटरमधले सगळे बल्ब काढून एलईडी बसवतात. प्रकाश छान पडतो, पण चार्जिंगच्या जागी एलईडी लावला तर तेवढा करंट जात नाही. त्या एका जागी मूळचाच बल्ब राहू द्या.

खुद्द मीटरचा दोष कधी असतो, तेही सांगायला हवं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्यानंतर कित्येक दिवस आमच्याकडे गाळानं भरलेल्या गाड्या येत होत्या. ८०० च्या वयाच्या मीटरच्या पाठीवर पातळ प्लॅस्टिकची एक लवचिक चादर असते आणि तिच्यावर तांब्याचे पट्टे छापलेले असतात. सगळे बल्ब आणि काटे त्या पट्ट्यांवरून जोडलेले. पुराच्या पाण्यानं हे तांबं हिरवं पडलं, काही ठिकाणी नखानं खरवडलं तरी सुटून येत होतं. अशा मीटरला आधी बॅटरी जोडायचीच नाही. बॅटरी लावली की ओलं तांबं खाल्लं जाण्याची क्रिया वेगात होते. चादर सोडवून डिस्टिल्ड वॉटरनं धुवायची, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसायची, सावलीत वाळवायची. बल्ब होल्डरचे टेकायचे बिंदू साध्या पेन्सिलीच्या खोडरबरानं घासले की स्वच्छ होतात. पॉलिश पेपर इथे वापरू नका, तांबं आधीच पातळ असतं. पट्टा मधेच तुटला असेल तर त्यावरून बारीक वायर टाकून जोडता येतो, पण सोल्डरिंगची बिट झटक्यात टेकवून उचलावी लागते, नाहीतर खालचं प्लॅस्टिक वितळतं. या कामाला वेळ लागतो, आणि बिल बघून लोक म्हणतात, "एवढ्यात तर जुन्या बाजारात दुसरा मीटर मिळतो." मिळतो. पण त्याचीही चादर तितकीच जुनी असते.

पुढच्या पिढीच्या गाड्यांमध्ये, साधारण २००० नंतरच्या, केबल गेली आणि सेन्सर आले. काट्यामागे छोट्या स्टेपर मोटर बसल्या, किलोमीटरचा आकडा एका मेमरी चिपमध्ये गेला. तिथले दोष वेगळे. सर्किट बोर्डवरचा सोल्डर उष्णतेनं सूक्ष्म तडकतो, म्हणून सकाळी थंड गाडीत मीटर बंद आणि तासाभरानं चालू, किंवा डॅशबोर्डवर थाप मारली की चालू. थाप मारून चालू होतो म्हणजे तो सुधारला असं नाही. तड आहे हे कळलं एवढंच. असा बोर्ड सोल्डरिंग जाणणाऱ्याकडून डाग देऊन घ्यावा. स्टेपर मोटर झिजली असेल तर ती एकटी बदलता येते.

शेवटी एक विनंती. मीटर दुरुस्त होण्यासारखा असेल तर दुरुस्त करून घ्या, कारण त्याच्या आकड्यात त्या गाडीचं सगळं आयुष्य आहे. दुसऱ्या गाडीचा मीटर बसवला की दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर तुमच्या डॅशबोर्डवर येतात, आणि पुढचा मालक त्यावरूनच टायमिंग बेल्ट, ऑइल आणि क्लचचा हिशेब करतो. बदलणं टळतच नसेल तर जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग, नव्याचं सुरुवातीचं रीडिंग आणि तारीख बिलावर लिहून घ्या, खाली मिस्त्रीची सही घ्या, आणि ते बिल आरसीच्या फायलीत ठेवा. गाडी विकताना त्याची प्रत घेणाऱ्याला द्या.